तख्त बदललं, वेस तिथंच

आपल्या वस्तीत हल्ली दोन मास्तर येतात. दोघंही इतिहासाचे. दोघांनाही आपल्याबद्दल एकाएकी फार माया वाटायला लागलीय.

पहिला टिळा लावून येतो. विहाराच्या ओट्यावर बसतो, आपल्या घरचा चहा पितो (पूर्वी पीत नव्हता, आता पितो, तेवढी क्रांती झाली) आणि सांगतो, बाबांनो, आपल्या धर्मात शिवाशिव नव्हतीच. तुम्ही लढवय्ये होतात. मुसलमान आले, त्यांनी तुमच्यापुढं एका हातात धर्म आणि दुसऱ्या हातात मैल्याची पाटी धरली. तुम्ही पाटी उचललीत, पण धर्म सोडला नाहीत. आता तुमचा शत्रू कोण ते तुम्हीच ओळखा.

दुसरा आला की उलटं सुरू. बादशाहीत जात नव्हती. गुलामाचे सुलतान झाले. एका रांगेत राजा आणि फकीर. बामणांनी तुम्हांला तुडवलं, आम्ही उचललं. आता तुमचा मित्र कोण ते तुम्हीच ओळखा.

मागं अभ्यासवर्गात एका पोरानं विचारलं, "दादा, ह्यातला खरा कोण?" मी म्हणालो, "दोघंही आपल्याला त्यांच्या गाडीला जुंपायला आलेत." पोरगं गप्प बसलं, पण त्याला ते पटलं नाही. आणि बरोबरच होतं त्याचं. माझं उत्तर पळपुटं होतं. गाडी कुणाची हे सांगून भागत नाही, आत काय भरलंय ते उघडून दाखवावं लागतं. म्हणून हे लिहितोय.

आपली फूटपट्टी एकच. राजा कुठल्या देवाचं नाव घेत होता हे आपण विचारायचं नाही. विचारायचं एवढंच: तुझ्या राज्यात महारवाडा कुठं होता?

*

पहिल्या मास्तरापासून सुरुवात करू, कारण त्याचं खोटं जुनं आणि जाड आहे.

इसवी सन ४०० च्या सुमाराला फा-हियान हा चिनी भिक्खू इथं आला. त्यानं लिहून ठेवलंय की चांडाळ गावाबाहेर राहतात आणि शहरात, बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोकांना कळावं आणि त्यांनी विटाळ चुकवावा. पैगंबरांचा जन्म ५७० च्या सुमाराचा. म्हणजे आपल्या हातात लाकूड आलं तेव्हा इस्लाम जगात जन्मायला सुमारे दोनशे वर्षं होती. पुढं सातव्या शतकात ह्युएन त्संगही तेच लिहितो. खाटीक, कोळी, फाशी देणारे, झाडू मारणारे यांची घरं शहराच्या हद्दीबाहेर. मनुस्मृतीतल्या चांडाळाला गावाबाहेर घर, अंगावर प्रेताचे कपडे आणि धन म्हणून कुत्री आणि गाढवं. हे काय बाबरानं लिहिलं? जे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या चळवळीनं जाळलं ते फारसीत नव्हतं, मास्तर. संस्कृतात होतं.

१०३० च्या सुमाराला अल-बेरुनी हिंदुस्थानावर ग्रंथ लिहितो. तो गझनीच्या महमुदाच्या काळातला. त्याला सगळं दिसलं. चांभार, बुरूड, कोळी, पारधी, विणकर ही वर्णाबाहेरची माणसं गावाजवळ पण गावाबाहेर राहतात, आणि हाडी, डोम, चांडाळ तर त्याच्याही खाली, हे तो नीट नोंदवतो. आपले लोक माणसं सारखी मानतात आणि इथले मानत नाहीत, हीच मोठी आडकाठी आहे, असंही म्हणतो. निदान बघितलं तरी. इथल्या पंडितांना हजार वर्षं दिसलं नव्हतं.

तेव्हा पहिला मास्तर खोटा. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

*

आता दुसरा. ह्याचं खोटं अर्धं आहे, म्हणून जास्त जपून बघायला पाहिजे.

इस्लामनं समतेची आरोळी ठोकली हे खरं. बिलाल हबशी गुलाम होता, काळा होता आणि पहिली अजान त्यानं दिली. ही साधी गोष्ट नाही. आपल्यातल्या कुठल्या माणसाला कुठल्या देवळाच्या कळसावर चढू दिलं होतं? जोतीराव फुल्यांनी महंमदावर अखंड लिहिला तो उगाच नाही.

पण धर्म आरोळी ठोकतो आणि साम्राज्य वसुली करतं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भावांनो, हे एकदा डोक्यात पक्कं करा.

६३२ ला पैगंबर गेले. शंभर वर्षांच्या आत स्पेनपासून सिंधपर्यंत अरबांचं राज्य झालं. लगेच प्रश्न आला, जे अरब नाहीत पण मुसलमान झाले त्यांचं काय? दमास्कसच्या उमय्या खलिफांचे अंमलदार त्यांच्याकडूनही जिझिया घेत राहिले. कलमा पढला तरी कर सुटेना, कारण कर सुटला तर तिजोरी रिकामी. दुसऱ्या उमरनं (७१७ ते ७२०) ते थांबवायचा प्रयत्न केला. तो मेला, वसुली पुन्हा सुरू. शेवटी खुरासानातल्या ह्याच दुखावलेल्या मुसलमानांच्या जोरावर ७५० मध्ये उमय्या तख्त उलटलं आणि अब्बासी आले. बगदाद वसलं.

आणि अब्बासींनी काय केलं? बसऱ्याजवळच्या दलदलीत आफ्रिकेतून आणलेले हजारो काळे गुलाम जमिनीवरचा खाराट थर खरवडत होते. ८६९ ला ते उठले. त्यांना झंज म्हणतात. त्यांनी ८७१ ला बसरा घेतलं, आपलं शहर उभं केलं, आपलं राज्य केलं. चौदा वर्षं खलिफाच्या फौजांना दाद दिली नाही. ८८३ ला त्यांना चिरडलं. चिरडणाराही मुसलमान, चिरडले गेलेलेही मुसलमान. अजान दोन्हीकडं एकच होती.

स्पार्टाकस आपल्याला ठाऊक आहे, सिनेमा निघालाय. झंजांचा निघालेला नाही. आपल्या वस्तीतल्या भिंतीवर त्यांचं नाव लिहायला हरकत नाही.

*

आता आपल्या मुलखाकडं.

७१२ मध्ये महंमद बिन कासीमनं सिंध जिंकला. राजा दाहिर ब्राह्मण. त्याचा बाप चच, त्यानं गादी बळकावलेली. चचनाम्यात आहे की चचनं जाटांवर बंधनं घातली होती: पायात जोडा नको, डोकं उघडं ठेवा, बाहेर पडताना बरोबर कुत्रं ठेवा. कासीम ब्राह्मणाबादला आला. (गावाचं नाव बघा.) ब्राह्मण त्याला भेटले. कासीमनं त्यांनाच वसुलीवर नेमलं. मग चौकशी केली, की हे जाट कोण, ह्यांना कसं वागवत होतात? सांगितलं. कासीम म्हणाला, ठीक, तसंच चालू द्या.

बस्स. ह्या दोन ओळींत सगळा पुढचा हजार वर्षांचा इतिहास आहे. राजा मेला, धर्म बदलला, झेंडा बदलला. कुत्रं तेच. पुढं नवव्या शतकात एका अरब सुभेदारानं जाटांना पुन्हा फर्मावलं, हजेरीला येताना प्रत्येकानं कुत्रं आणायचं. अरब इतिहासकार बलाधुरी लिहितो, कुत्र्याचा भाव पन्नास दिरहमवर गेला. माणसाचा भाव त्यानं लिहिला नाही.

१२०६ ला कुत्बुद्दीन ऐबक तख्तावर बसला. गुलाम. नंतर इल्तुतमिश, बल्बन. गुलाम. इजिप्तमध्ये तर १२५० पासून १५१७ पर्यंत विकत आणलेल्या मामलुकांचंच राज्य. दुसरा मास्तर हे सांगतो तेव्हा आपली पोरं भारावतात. भारावण्यासारखं आहेच. गुलामीला दार होतं. गुलाम शिवून घेण्यासारखा होता. मालकाच्या ताटाजवळ बसायचा, घोड्यावर बसायचा, तलवार धरायचा. जातीला दार नाही. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून तपासल्या त्या ह्यासाठीच.

पण दारातून आत गेलेल्यानं काय केलं ते बघा. बल्बन तख्तावर बसला आणि आपण तुराणच्या जुन्या राजाच्या, अफरासियाबच्या कुळातले असं सांगायला लागला. हलक्या कुळाच्या माणसाशी बोलायला त्याला कमीपणा वाटायचा. बाजारात विकला गेलेला माणूस! आपल्यातले काही साहेब झाले की आडनाव बदलतात ना, तसंच.

आणि झियाउद्दीन बरनी. चौदाव्या शतकातला दिल्लीचा मोठा विद्वान. राज्य कसं करावं यावर पुस्तक लिहिलंय. त्यात त्याचं सांगणं असं की हलक्या कुळातल्यांना लिहाय-वाचायला शिकवू नका. नमाज-रोजाचे नियम शिकवा, पुढं नको. त्यांना शिकवणं म्हणजे कुत्र्याच्या घशात रत्नं घालणं आणि डुकराच्या गळ्यात सोन्याचा पट्टा बांधणं. हे कुठं ऐकलंय का आपण? शंबूकाच्या गोष्टीत ऐकलंय. मनूचा जावई शोभतो हा. महंमद तुघलकानं दारू गाळणारा, न्हावी, आचारी, माळी असल्या लोकांना सुभेदाऱ्या दिल्या तेव्हा बरनीच्या पोटात जे दुखलं ते इतिहासाच्या पानोपानी सांडलंय. राखीव जागांवर बोटं मोडणारे आपले पांढरपेशे तेव्हा फारसीत लिहीत होते, एवढाच फरक.

१३२० मध्ये खुस्रोखान नावाचा गुलाम काही महिने दिल्लीच्या तख्तावर बसला. जुन्या इतिहासांत त्याच्या जातीला परवारी म्हटलंय. कुणी म्हणतात हे आपल्यापैकीच, अस्पृश्य. कुणी तो शब्द बरादू वाचतात आणि गुजरातची लढाऊ जमात म्हणतात. आपल्यातले काही उत्साही लगेच त्याची जयंती करायला निघतील. थांबा. त्याच्या काही महिन्यांत कुठल्या वस्तीत विहीर उघडली? एक माणूस तख्तावर जाणं आणि वस्ती वेशीच्या आत येणं यांतला फरक आपल्याला तरी कळला पाहिजे. आज मंत्रालयातही आपली माणसं आहेत. आहेत ना?

जिझियाचंही ऐका. हिंदूंवर जुलूम झाला म्हणून पहिला मास्तर गळा काढतो. दिल्लीत ब्राह्मणांना तो कर माफ होता. फिरोज तुघलकानं चौदाव्या शतकात प्रथम लावला. तेव्हा ते वाड्यापुढं उपाशी बसले. कर कमी झाला, आणि शहरातल्या बाकीच्या हिंदूंनी तो आपल्या अंगावर घेतला. जुलूम सुलतानाचा, उपास ब्राह्मणाचा आणि पैसा दुसऱ्याचा.

*

एक गोष्ट मी झाकणार नाही, कारण आपण बौद्ध आहोत. १२०० च्या सुमाराला बख्तियार खिलजीनं बिहारात हल्ला केला. मिन्हाज लिहितो, मुंडण केलेली सगळी माणसं कापली. नंतर पुस्तकांचा ढीग दिसला. त्यात काय लिहिलंय हे सांगायला माणूस शोधला, तर एकही जिवंत नव्हता. तो किल्ला नव्हता, विहार होता. बाबासाहेबांनी हे स्पष्ट लिहिलंय, आपणही स्पष्ट बोलू. दुसऱ्या मास्तरानं हे ऐकताना खाली बघू नये.

पण पहिल्यानं टाळ्याही वाजवू नयेत. बोधिवृक्ष शशांकानं तोडला असं ह्युएन त्संग सांगतो, आणि शशांक खिलजी नव्हता. विहाराला तलवार लागली तेव्हा गावोगावचा बुद्ध आधीच पुसला होता. तो कुणी पुसला हे टिळ्याला ठाऊक आहे.

*

आता दख्खन. माझा आज्जा येसकर होता. हातात घुंगराची काठी. रात्री त्याच्या मांडीवर दामाजीपंताची गोष्ट ऐकत मी मोठा झालो. तुम्हांलाही ठाऊक असेल. मंगळवेढ्याला दुष्काळ. दामाजीपंत बिदरच्या बादशहाचा अंमलदार, ब्राह्मण. त्यानं सरकारी कोठार लोकांना लुटवलं. बादशहा चिडला. तेव्हा विठोबानं विठू महाराचं रूप घेतलं, धान्याचे पैसे बिदरला पोचवले, पावती आणली.

आज्जा गहिवरायचा. देव आपलं रूप घेतो म्हणून. मीही गहिवरायचो. पुढं अक्कल आली तेव्हा गोष्ट पुन्हा बघितली आणि हबकलो. अरे, ह्यात बहामनी राज्याचा पूर्ण नकाशाच काढलाय! तख्तावर मुसलमान. दप्तरावर ब्राह्मण. आणि पाठीवर पोतं घेऊन महार. देव आला तरी त्याला ह्या तिन्हींतली खालचीच जागा मिळाली. देवानं बादशहाचं रूप घेऊन सारा माफ केला असता तर? देवालासुद्धा ते सुचलं नाही.

मंगळवेढ्यालाच चोखोबा गावकुसाच्या भिंतीखाली गाडला गेला. १३३८ साल सांगतात. देवगिरीच्या यादवांना संपवून दिल्लीची सत्ता तेव्हा दख्खनेत आली होती. यादवांच्या राज्यात चोखोबा देवळाबाहेर. सुलतानाच्या राज्यातही बाहेरच. वेठीची भिंत मात्र दोन्ही राज्यांत लागत होती.

१३४७ ला बहामनी राज्य झालं, पुढं त्याच्या पाच चिरफळ्या. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानं सोळाव्या शतकात हिशेबाचं दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणलं. आमचे मराठीचे अभिमानी ह्यावर खूष असतात. दप्तर मराठीत आलं म्हणजे कुणाच्या घरात गेलं? महारवाड्यात? कुलकर्ण्याच्या ओसरीवर गेलं.

असं का झालं? सुलतान वाईट होते म्हणून नव्हे. सुलतानाला पाहिजे होता सारा. साऱ्याला पाहिजे पाटील आणि कुलकर्णी. पाटील-कुलकर्ण्याला पाहिजे असा माणूस, ज्याला शिवेचा दगडन् दगड ठाऊक, जो वसुलीचा पैसा डोक्यावर घेऊन कचेरीत पोचवेल, साहेबाच्या घोड्यापुढं पळेल, मेलेलं ढोर ओढेल आणि मोबदल्यात शिळी भाकर मागेल. जात मोडली तर हे यंत्रच मोडतं. मग कुठला शहाणा बादशहा स्वतःच्या तिजोरीचं चाक मोडेल? मूर्ती फोडणं स्वस्त होतं. जात फोडणं महाग होतं.

आपल्याला बावन्न हक्क बिदरच्या बादशहानं दिले म्हणून सांगतात. अमृतनाकाची गोष्ट तुमच्या घरीही असेल. मी म्हणतो, दिले असतील. पण दिलं काय? बलुतं. ढोराचं कातडं. मढ्यावरचं कापड. मनूनं प्रेताचे कपडे शिक्षा म्हणून दिले होते, सनदेत ते हक्क म्हणून आले. दोस्तांनो, शिक्षेला हक्क म्हणायला लावणं ही राज्यकर्त्याची सगळ्यात मोठी कारागिरी. बाबासाहेबांनी ती ओळखली. म्हणून १९२७ ला महाडला ते म्हणाले ढोरं ओढणं सोडा, आणि १९२८ ला महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. वतन कायद्यानं जायला पुढं १९५८-५९ उजाडलं. म्हणजे बहामनी गेली, निजामशाही गेली, शिवशाही, पेशवाई, इंग्रज गेला, आणि तरीही मढ्यावरचं कापड बाकी होतं.

मलिक अंबर तेवढा मनात घर करतो. हबशी. लहानपणी विकला गेला, हातोहात विकत दख्खनेत आला, आणि निजामशाहीचा कर्ता झाला. १६१० ला खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ ला भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौज एकत्र आली तरी झोडपली. जहांगीरचा राग असा की आत्मचरित्रात त्याच्या काळ्या कातडीवरून शिव्या, आणि चित्र काय काढून घेतलं तर अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय! जिवंतपणी हात लावता आला नाही, कागदावर मारला. अंबरबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या नावाजलेल्या जमाबंदीतही वेसकर वेशीवरच होता. गुलाम सुटला. अस्पृश्य सुटला नाही.

अकबराचंही एवढं सांगतो. झाडूवाल्यांना त्यानं हलालखोर हे नाव चालू केलं. मोठं मन. नाव गोड झालं, झाडू हातातच. तीनशे वर्षांनी गांधीजींनी हरिजन हे नाव दिलं. तेव्हा म्हणालो नव्हतो का आपण, नाव नको, माणूसपण द्या?

*

मग करायचं काय?

१९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली तेव्हा सगळ्या धर्मांची बोलावणी आली. एकवीस वर्षं ते विचार करत होते. मुसलमानांतही अश्रफ, अजलाफ, अर्झल असे थर आहेत हे त्यांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात जनगणनेच्या आधारानं मांडलं. १९४७ ला त्यांनी पाकिस्तानातल्या आणि हैदराबाद संस्थानातल्या आपल्या लोकांना बजावलं, हिंदूंचा राग येतो एवढ्यासाठी मुसलमानांवर विसंबू नका. जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले आणि १९५० ला राजीनामा देऊन परत आले. पाकिस्तानातले झाडूवाले भारतात यायला निघाले तर त्यांना अडवलं, आणि बाबासाहेबांना नेहरूंना पत्र लिहावं लागलं. नवा देश, पवित्र नाव, आणि पहिली काळजी काय? संडास कोण काढणार?

म्हणून दुसऱ्या मास्तराला एकच सांगा. इतिहासातले सुलतान राहू द्या, तुमच्या मोहल्ल्यातला मेहतर दाखवा. त्याच्या घरी सोयरीक करता का? नसाल करत, तर तो आमचा भाऊ आहे, तुमचा नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं तो अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहे. शीख १९५६ ला आत आले, आपण बौद्ध १९९० ला. तो अजून बाहेर. त्याच्यासाठी आपण बोललं पाहिजे, आणि आपल्या वाट्यातला घास कमी होईल ह्या भीतीनं गप्प बसणारे आपल्यातही आहेत, हे कबूल केलं पाहिजे. ती भीती बरनीचीच आहे.

आणि पहिल्या मास्तराला सांगा, सातशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाचा सूड आमच्या पोरांच्या हातून घ्यायचा नाही. दगड तुम्ही द्यायचा, मारायचा आम्ही, खटला आमच्यावर, आणि जेवणाची पंगत पुन्हा वेगळी. शेजारच्या मोहल्ल्यातला पिंजारी, खाटीक, बागवान हा कुठल्या सुलतानाचा नातू नाही. तो बहुतेक आपल्यासारखाच कुठल्या तरी वेशीबाहेरून पळून दुसऱ्या दारात शिरलेला माणूस आहे.

परवा ते पोरगं पुन्हा भेटलं. म्हणालं, "दादा, मग आपला राजा कोण?" मी म्हणालो, "आपल्याला राजा नको रे. आज्ज्याच्या हातात वेशीवरची काठी होती. ती कुठल्या बादशहानं काढली नाही, कुठल्या छत्रपतीनं काढली नाही. त्यानं ती स्वतः चुलीत घातली, ज्या दिवशी बाबासाहेबांचं ऐकून तो म्हणाला, उद्यापासून वेसकरकी बंद."

त्या काठीची राख झाली, त्या दिवसापासून आपला इतिहास. त्याच्या आधीचा सगळा त्यांचा.

जयभीम.